भिंतीवरील मौन आणि श्रावकाचे घर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या तरुण कुटुंबांच्या नव्या घरांत अलीकडे फिकट भिंती, बुटके लाकडी सामान आणि दिवाणखान्यात एकच मोठा कॅनव्हास दिसतो. त्यावर ना देव, ना माणूस, ना फूल. केवळ करड्या, मातकट रंगांचे दोन-चार पट्टे. या पद्धतीस ‘जपांडी’ म्हणतात. जपान व स्कँडिनेव्हिया या नावांचा हा संधी. वडीलधारी मंडळी विचारतात, “यात पाहावयाचे काय?”

जपानी घरात ‘तोकोनोमा’ नावाचा कोनाडा असतो. त्यात एकच गुंडाळचित्र टांगतात आणि ऋतू पालटला की ते बदलतात. डेन्मार्कमध्ये हिवाळ्याचा दिवस फार लहान, म्हणून आहे तो उजेड खेळता राहावा यासाठी फिकट भिंती. आपल्याकडे नागपूरला जन्मलेले वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांनी झेन विचारांत रस घेतला आणि रोलर व सुरीने रंगांचे थर देत आकृतीविरहित चित्रे केली. आपणांस तर याचे नवल वाटू नये. दिगंबर मंदिरांत धातूच्या पत्र्यातून मानवाकृती कापून काढलेली सिद्धप्रतिमा आपण पाहतो. जेथे पत्रा नाही तेथेच सिद्ध परमेष्ठी. अर्थात दिवाणखान्यातील चित्र वंदनीय नव्हे, म्हणून ही तुलना येथेच थांबवतो.

माझ्या मते खरा प्रश्न निराळा आहे. ते चित्र कशावर व कशाने केले?

कॅनव्हास म्हणजे कापडच. जाड, घट्ट, बहुधा साध्या विणीचे. बाजारात या एका नावाखाली लिनन, निखळ सुती, मिश्र आणि संपूर्ण पॉलिस्टर असे सर्व खपते. मागील कडेचा एक धागा जाळून पाहावा. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो व भुरकी राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. (दुकानदारास आधी विचारावे, हे सांगणे न लगे!)

कापडाने रंग पिऊ नये म्हणून त्यास प्रथम अस्तर देतात. युरोपात शतकानुशतके तैलचित्रांच्या कापडाला सशाच्या कातड्याचा सरस लावीत. जपानी शाईत काजळी बांधण्यास प्राणिजन्य सरसच वापरतात. तेथील गुंडाळचित्रे पुष्कळदा रेशमावर काढतात किंवा रेशमी कापडात मढवतात, आणि रेशमासाठी कोसले उकळतात हे या सभेस ठाऊक आहे. तैलरंगाचे कुंचले डुकराच्या केसांचे. शांततेचे चित्र, आणि त्याखाली ससा! या शैलीतील काळ्या फटकाऱ्यांचा रंगही तपासावा. ‘आयव्हरी ब्लॅक’ म्हणून मिळणारा काळा आज हाडे जाळून करतात. ‘मार्स ब्लॅक’ मात्र लोहापासूनचा असतो.

पर्याय सुलभ आहेत. १९५० च्या दशकापासून ॲक्रिलिकचे अस्तर मिळू लागले. त्यात सरसाऐवजी कृत्रिम राळ असते. कृत्रिम केसांचे कुंचलेही मिळतात. पाकिटावर जिलेटिन शोधणाऱ्या आपल्या समाजाने चित्रकारास हे विचारण्यात संकोच का करावा?

साधेपणाच्या नावाखाली दर दिवाळीस नवा कॅनव्हास आणणारी घरेही मी पाहिली आहेत. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ आसक्तीत दाखविले आहे. परिग्रह-परिमाण घेतलेल्यांनी भिंतीवरील वस्तूही त्या मापात धराव्यात. एका घरी तर नव्या कॅनव्हाससाठी आजोबांची तसबीर माळ्यावर गेली. हे मला मुळीच मान्य नाही. इतक्या रिकाम्या भिंती ठेवणाऱ्यांना एक भिंत आजोबांना देता येते. ज्येष्ठांनीही उरलेल्या भिंती कॅलेंडरांनी भरण्याचा आग्रह सोडावा.

एक सूचना व्यवहाराची. आपल्या पावसाळ्यात सुती कॅनव्हास ओल धरतो. बाहेरच्या, झिरपणाऱ्या भिंतीवर तो लावू नये आणि मागे बोटभर फट ठेवावी. अन्यथा बुरशी धरते, आणि ती पुसावयाची म्हणजे पुन्हा जीवहिंसा आलीच.

जय जिनेंद्र.