खासगी विद्यापीठातील मुले आणि आपण

खासगी विद्यापीठांत शिकणारी मुले माझ्याकडे येतात, तेव्हा दोन्ही बाजू ऐकायला मिळतात. प्रयोगशाळा सुसज्ज, निकाल वेळेवर, ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे. आपल्या कित्येक सार्वजनिक विद्यापीठांना हे साधत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. 'शिक्षणसम्राट' अशी शिवी हासडून भागणार नाही.

परंतु त्यांतलाच एक जण म्हणाला, "सर, वर्गात आम्ही सारखे असतो, कँटीनमध्ये नसतो." जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला हा मुलगा सहलींना जात नाही, वाढदिवसाच्या मेजवान्या टाळतो. मैत्रीलाही तेथे वर्गणी लागते!

१९८३ साली, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. उन्नीकृष्णन खटल्याच्या १९९३ च्या निकालाने आखलेली प्रवेश व शुल्काची योजना सर्वोच्च न्यायालयानेच २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात रद्द ठरविली. शुल्क वाढले, तसे कर्जही वाढले. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका सामान्यतः तारण मागतात. म्हणजे बहुधा बापाचे घर. मग इतिहासाची ओढ असलेली मुलगी हप्ता फेडता यावा म्हणून संगणकशास्त्राला जाते, आणि वसतिगृहातील साध्या तक्रारीवर सही करतानाही तिला ते घर आठवते.

आपले कार्यकर्ते मात्र या मुलांना धनिकांची पोरे समजून तिकडे फिरकत नाहीत. शुल्काचा जाहीर हिशेब आणि निवडून आलेले विद्यार्थी मंडळ या दोन मागण्या घेऊन आपण त्यांच्या वसतिगृहांच्या दाराशी या सत्रातच गेले पाहिजे.