सव्वा महिना संपल्यावर
(रोल्ला, शारजा येथील सुट्टीच्या दिवशीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

थोडं सरकून बसा, मागच्यांनाही जागा होईल. आज पगाराचं बोलायचं नाही. म्हणजे शेवटी तिथे यावंच लागेल, पण सुरुवात गळ्यापासून.

कंठाच्या खाली फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, थायरॉईड. शरीराची शेगडी मोठी ठेवायची की बारीक, हे तिच्या हार्मोनवर ठरतं. गरोदरपणात बाईची रोगप्रतिकारशक्ती थोडी नरमते, बाळंतपणानंतर ती पुन्हा उसळते. काही जणींच्या बाबतीत ती आपल्याच थायरॉईडवर चालून जाते. साधारण वीस बाळंतिणींत एकीला हे होतं, वर्षभराच्या आत. मिठातल्या आयोडीनचा हा दोष नाही आणि कुणाची दृष्ट तर नाहीच.

हा आजार दोन रूपं दाखवतो, म्हणून फसवतो. आधी, पहिल्या ते चौथ्या महिन्याच्या सुमारास, ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, चिडचिड, वजन उतरणं. शारजाच्या उन्हात घाम आणि धडधड कुणाला नसते? म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग साठा संपतो. चौथ्या ते आठव्या महिन्याच्या आसपास उलटं सुरू होतं: अंग जड, थंडी वाजते, केस गळतात, शौचाला साफ होत नाही, विसरायला होतं, रडू येतं. काहींच्या वाट्याला दोन्हींतलं एकच रूप येतं.

आता आपली रीत बघा. बाळंतिणीची काळजी सव्वा महिना. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेल लावून शेकणं, सगळं तेवढ्यात. आणि हा आजार बहुतेक वेळा येतो तो त्यानंतर, जेव्हा आई परत गेलेली असते आणि बाई कामाला लागलेली असते.

इथे बसलेल्या भावांनो, हे तुमच्यासाठीही आहे. तुमच्यातल्या बहुतेकांची बायको गावाला आहे. फोनवर घरचे सांगतात, "दिवसभर लोळत असते, काम नको म्हणून नाटकं." तुम्ही इथून तिलाच चार शब्द सुनावता. त्याऐवजी विचारा, बाळ किती महिन्यांचं झालं? आणि सांगा, जा, टीएसएच तपासून ये. रक्ताची साधी तपासणी आहे, तालुक्याच्या गावी होते. डॉक्टरांना बाळंतपणाची तारीख सांगायचीच. पहिल्या रूपात हार्मोन जास्त तयार होत नसतं, साठलेलं सांडत असतं. त्यामुळे थायरॉईड दाबायच्या गोळ्यांचा तिथे उपयोग नाही. पण ग्रेव्हज नावाचा दुसरा आजारही याच काळात येऊ शकतो, त्याला त्या लागतात. हे डॉक्टरच तपासून ठरवतील, मेडिकलवाला नाही.

दुसऱ्या रूपात गरज पडली तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी देतात. भारतात थायरोनॉर्म, इथे युथायरॉक्स, औषध तेच. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. अंगावर पाजणाऱ्या आईला ती चालते, दूध तोडायचं नाही. बहुतेक जणींची ग्रंथी वर्ष-दीड वर्षात ताळ्यावर येते. काहींना गोळी कायमची लागते. बऱ्या झालेल्यांनीही वर्षातून एकदा टीएसएच करावं, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना आधीच सांगावं, कारण तेव्हा परत होण्याची शक्यता बरीच असते.

आता पगार. तायांनो, इथे खाजगी कंपनीत असाल तर 2021 चा 33 क्रमांकाचा कायदा तुमचा आहे. प्रसूतीची रजा 60 दिवस: 45 पूर्ण पगारी, 15 अर्ध्या पगारी. बाळंतपणामुळे आजार झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी 45 दिवस, बिनपगारी, सलग किंवा तुकड्यातुकड्याने. आठव्या महिन्यात आजार कळला तर आजारपणाची रजा वेगळी आहे. प्रोबेशन संपल्यावर वर्षाला 90 दिवस, त्यात पहिले 15 पूर्ण पगारी, पुढचे 30 अर्ध्या पगारी. तीन कामाच्या दिवसांत मालकाला कळवा, तेही लेखी. व्हॉट्सॲपचा मेसेज पुसू नका. घरकाम करणाऱ्यांचा कायदा वेगळा: 30 दिवस, त्यात 15 पगारी.

म्हणून दाखल्यावर नुसतं "अशक्तपणा" लिहून घेऊ नका. आजाराचं नाव लिहायला सांगा. "आळशी आहे" म्हणून काढून टाकणाऱ्या मालकापुढे तोच कागद बोलतो.

1 जानेवारी 2025 पासून शारजातही मालकाने कामगाराचा आरोग्यविमा काढणं बंधनकारक आहे. वर्षाचे 320 दिरहॅम मालकाने भरायचे, तुमच्या पगारातून नाही. त्या साध्या विम्यात डॉक्टरांकडे गेल्यावर तुमचा वाटा 25 टक्के, एका भेटीला जास्तीत जास्त 100 दिरहॅम. औषधाला 30 टक्के.

तक्रारीसाठी कामगार मंत्रालयाचा नंबर 80084. आपल्या वाणिज्य दूतावासाचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र, 800 46342, फुकट लागतो. लिहून घ्या, मी थांबते.

झालं? आता विचारा काय विचारायचं ते. आधी बायका, मग बाप्ये.