गोतावळा



मघाशी टाळ थांबले, तेव्हा मागच्या उंबरावर तांबट बोलत होता. टुक, टुक, टुक. कुणी ऐकला? वर करा हात. दोन, तीन, चार... बरं.

तुकोबांचं चरित्र ऐकताना एक जागा आपण घाईत उरकतो. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. असा पोळलेला माणूस भामगिरीवर गेला, भंडाऱ्यावर गेला. आपण म्हणतो, वैराग्य आलं. आलंच. पण नुसता एकांत घराच्या कोपऱ्यातही मिळतो. डोंगरावर महाराजांनी वेलींना, झाडांना, पाखरांना आपलं गणगोत मानलं. एका झाडाला नव्हे हो, सगळ्या गोतावळ्याला!

आता माझंच सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली. चाळीस वर्षांचा संसार. व्यासपीठावर उभा राहून मी तुम्हाला धीर द्यायचो आणि रात्री छताकडे बघत पडायचो. डॉक्टर म्हणाले, महाराज, गोळी घ्या, रोज चाला. गोळी घेतली, त्यात लाज कसली? चालायला गावाबाहेरच्या टेकडीवर जायचो. टेकडी हिरवीगार, पण सगळी उंदीरमारी. एकच झाड, ओळीनं लावलेलं. ना घरटं, ना किलबिल. पाय थकायचे, मन होतं तिथंच.

मग आमच्या दिंडीतल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं मला ओढ्याकाठच्या देवराईत नेलं. बेहडा, जांभूळ, करंज, त्यांवर चढलेले वेल, खाली पाणी. दगडावर बसलो. एक नाचण शेपटीचा पंखा फुलवून समोर नाचायला लागला. ओळखीचे आवाज, बिनओळखीचे आवाज. बऱ्याच वेळानं पत्नीची आठवण आली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा छातीत कळ आली नाही. ‘‘हिला हे दाखवायला हवं होतं,’’ एवढंच मनात आलं.

नातवाला हे बोललो, तर त्यानं मोबाईलवर वाचून दाखवलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी 2024 मध्ये एक अभ्यास छापला. जवळजवळ 2,000 माणसांना मोबाईलवरून दिवसातून अनेकदा विचारलं, आत्ता मन कसं आहे? भोवती झाडं, रोपं, पक्षी, पाणी, यांतलं काय काय आहे? जितके प्रकार जास्त, तितकं मन बरं. त्याचा गुण 8 तासांपर्यंत टिकलेला दिसला. निसर्गामुळे मनाला जे बरं वाटतं, त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा या विविधतेचा निघाला.

मला नवल वाटलं नाही. नुसत्या टाळांवर कीर्तन उभं राहतं का? मृदंग लागतो, वीणा लागते, मागं झीलकरी लागतात, आणि मध्येच रडणारं ते पोरही लागतं. असू द्या माउली, रडू द्या त्याला.

आता उंबराचं. मंडपाच्या पत्र्याला आड येतो म्हणून तो तोडायचं ठरतंय, असं कानावर आलं. मायबाप, उंबर पिकला की तांबट येतो, हरियाल येतो, कोकिळ येतो, रात्री वटवाघळं येतात. गावातल्या लेकी-सुना, घरात बोलता येत नाही म्हणून त्याच्याच पारावर येऊन बसतात. मी काल संध्याकाळी पाहिल्या. पत्रा चार हात अलीकडे घ्या. कमी पडेल तिथं आम्ही उन्हात उभे राहून कीर्तन करू.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!