मृत्युपत्र : कुळाचा बोलका कागद



श्राद्धाच्या दिवशी पिता, पितामह व प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नाम-गोत्रासह उच्चार होतो. चौथ्या पिढीचे नाव विचारले, तर बहुतेक घरांत शांतता पसरते. ज्या समाजाने गोत्राच्या रूपाने ऋषींशी नाते जपले, त्याला पणजोबांच्या वडिलांचे नाव ठाऊक नसावे, ही विसंगती चिंतनीय आहे. ती दूर करण्याचे एक साधन कित्येकदा घरातल्याच जुन्या पेटीत पडून असते. ते म्हणजे पूर्वजाचे मृत्युपत्र.

प्राचीन धर्मशास्त्रात दायविभाग आहे, दत्तविधान आहे, दान आहे. आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नाही. हिंदूंच्या मृत्युपत्रांविषयीचा कायदा इंग्रजी अमदानीत १८७० साली झाला, पण प्रथा त्याआधीच रुजली होती. ब्रह्मावर्तास राहिलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी मृत्युपत्राने दत्तक पुत्र नानासाहेबांना वारस नेमले. १८५१ साली बाजीराव निवर्तले आणि कंपनी सरकारने आठ लाखांचे वार्षिक वेतन पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. त्या अन्यायाची परिणती १८५७ च्या रणसंग्रामात झाली, हे सर्वश्रुत आहे. नानासाहेब जन्माने वेणगावच्या माधवराव नारायण भटांचे, दत्तविधानाने पेशव्यांचे. अशा दुहेरी वंशवेलीचा उलगडा मृत्युपत्रासारखा कागदच करतो.

वंशावळीच्या तक्त्यात पुरुषांची नावे ओळीने येतात. लेकी-सुना बहुधा अदृश्यच राहतात. मृत्युपत्रात मात्र त्या भेटतात. विधवा भावजयीच्या अन्नवस्त्राची तजवीज, लेकीला द्यावयाचे डाग, तिच्या सासरचे गाव, कुलदैवताच्या नंदादीपाची व्यवस्था, फेडावयाचे कर्ज हे सारे तेथे नोंदलेले असते. जमिनीच्या चतुःसीमा शेजारच्या भाऊबंदांची नावे सांगतात. साक्षीदारांत अनेकदा एखादा आप्तच असतो. तेथून दुसऱ्या शाखेचा माग लागतो.

कागद हाती आला, की प्रथम मिती पाहावी. शकात ७८, दख्खनी फसलीत ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळविले, की साधारण इसवी सन निघतो. घरातला कागद हरवला असेल, तर दुय्यम निबंधकाकडे चौकशी करावी. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्रांची नोंद तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात होते आणि करणाऱ्याच्या मृत्यूनंतर तिची नक्कल कोणालाही अर्ज करून मिळते.

खरा अडसर लिपीचा आहे. जुना कागद मोडीत आणि वाचणारे थोडे! २०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शासनालाही मोडी जाणकारांची शोधाशोध करावी लागली. पूर्वजांचे अक्षर वारसांना परके व्हावे, याहून मोठी हानी कोणती?

येथे एक भान आवश्यक आहे. मृत्युपत्र मालमत्ता असणाऱ्याचे. ज्यांना जमीनच मिळू दिली नाही, त्यांच्या पूर्वजांनी ते कशाचे करावे? म्हणून नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि दक्षिण महाराष्ट्रात दारोदार जाऊन वंशावळ सांगणारे हेळवी यांचेही मोल तितकेच आहे. वंशशोध हा कुळाच्या थोरवीचा डांगोरा ठरता कामा नये. वंशवेल मागे नेऊ लागले, की दत्तक, स्थलांतर, सोयरीक अशा वाटांनी ती अनेक गावांना व घराण्यांना स्पर्श करते, आणि 'आम्ही' या शब्दाची व्याप्ती वाढत जाते.

येत्या पितृपक्षात प्रत्येक घराने एक जुना कागद काढावा, जाणकाराकडून वाचून घ्यावा, त्याचे देवनागरी लिप्यंतर करून मुलांच्या हाती द्यावे. एका तरुणाने मोडी शिकावी. पूर्वजाने मागे ठेवलेली जमीन कदाचित विकली गेली असेल. त्याने लेकीसाठी, भावजयीसाठी आणि देवासाठी सांगितलेले कर्तव्य मात्र आजही वारसाची वाट पाहत आहे.