भिंत तापते, मीटर पळतं

मे महिन्यात रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावून पाहा. ऊन जाऊन दोन तास झाले, तरी ती वैलावरच्या भांड्यासारखी गरम लागते. मग एसी रात्रभर चालतो, मीटर पळतं आणि त्या विजेसाठी दूर कुठेतरी कोळसा जळतो.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. तिच्यानुसार कोकणासारख्या उष्ण-दमट हवेत उघडणाऱ्या खिडक्या, झरोके आणि बाल्कनीची दारं मिळून चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश हवीत. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या घरात १०० चौरस फूट. सरकत्या खिडकीचा उघडतो तेवढाच भाग मोजायचा, हे विशेष! भिंती-खिडक्यांतून शिरणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा आहे: दर चौरस मीटरला सरासरी १५ वॉट.

पण स्थानिक बांधकाम नियमावलीत उतरल्याशिवाय हे कागदावरच राहतं. उभी राहिलेली भिंत पुढची पन्नास वर्षं हलत नाही. म्हणून नकाशा मंजूर होतानाच ही तपासणी व्हावी, असं मला कळकळीने वाटतं. तोवर घर घेताना बिल्डरला एवढं जरूर विचारा: पश्चिमेची भिंत कशाची आहे, आणि खिडकीवर छज्जा किती फुटांचा?