कारखाना बदलावा की कामगाराचे शरीर?



पृथ्वी तापत चालली आहे. तेव्हा माणसाचे बीजच बदलून त्याला तिच्यावर राहण्याजोगे करावे, असा विचार काही विद्वान मांडू लागले आहेत. २०१२ साली लिआओ, सँडबर्ग व रोश या तिघांनी याच दिशेचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एक सूचना अशी की, पुढील पिढ्या बुटक्या निपजवाव्यात. सरासरी उंची १५ सेंटिमीटरने घटली तर पुरुषाचे वजन २३ टक्क्यांनी व स्त्रीचे २५ टक्क्यांनी घटेल; म्हणजे अन्न, कापड व इंधन कमी लागेल.

हे सर्व ऐच्छिक असावे, फार तर करात सूट द्यावी, असे ते आवर्जून सांगतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका घ्यावयाची नाही. परंतु 'ऐच्छिक' हा शब्द वकिलाच्या कानाला खटकतो. ज्याच्या घरी दोन वेळा चूल पेटते त्याची इच्छा आणि ज्याच्या घरी ती पेटत नाही त्याची इच्छा, या दोहोंना कायद्याने एकच नाव द्यावे काय? १९७६ साली आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, इतकेच. देशभर मात्र त्या दिवसांत रोख रकमेचे आमिष दाखवून आणि पगार अडवून 'स्वेच्छा' मिळविली जात होती. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाला नसबंदीची शिबिरे तीन वर्षांत बंद करा, असे सांगावे लागले.

तरी तेथे अंगठा उठविणारा निदान जन्मलेला तरी होता! बीजातील बदल नातवंडांच्या नातवंडांपर्यंत जातो. त्यांची सही कोणत्या कागदावर घेणार?

जन्मापूर्वीच माणसाचे काम ठरविणारी व्यवस्था आपणांस नवी नाही. जातिभेद म्हणजे वंशसुधारणेचे शास्त्र होय, हा युक्तिवाद डॉ. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला आहे. उद्या उन्हात न थकणारी संतती निपजविता आलीच, तर ती कोणाच्या घरी निपजवावी असे सुचविले जाईल? न्यायाधीशाच्या घरी खास नव्हे. वीटभट्टीवर आणि गटारात ज्यांना पाठवावयाचे, त्यांच्याच घरी.

उष्णता सोसण्याची शक्ती एकाच जनुकावर अवलंबून नाही. म्हणून हे आज शक्य नाही, हे खरे. परंतु २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई याने जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्मास घातल्याचे जाहीर केले, तेव्हा जग बेसावध होते. त्याला २०१९ साली तीन वर्षांची कैद झाली; मुली मात्र जन्मल्या त्या जन्मल्याच.

आपल्याकडे काय आहे? सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या अधिनियमाने भ्रूणाची जनुकीय तपासणी केवळ आनुवंशिक रोगांपुरती ठेवली आहे. बुटका भ्रूण निवडणे त्यात बसत नाही. परंतु बीजच बदलण्याची मनाई आहे ती २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत. मार्गदर्शक तत्त्व म्हणजे दंडसंहितेचे कलम नव्हे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १३ व्या कलमाने कामाच्या खोलीतील उष्मा सुसह्य ठेवण्याचे कर्तव्य कारखानदारावर टाकले होते. उष्मा सोसणारे मजूर शोधून आणा, असे त्यात म्हटले नव्हते. २०२४ साली रणजितसिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क अनुच्छेद १४ व २१ मधून मान्य केला. हा हक्क आहे त्या शरीराचा आहे. आधी शरीर बदलून या, मग हक्क मागा, अशी अट त्याला नाही.

म्हणून ही मनाई संसदेने कायद्यात, शिक्षेसह घालावी, आणि सरकारी सवलतीशी जनुकीय बदलाची सांगड घालण्यास त्यातच बंदी असावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. त्याकरिता समिती नेमली गेली, तर तीत उन्हात राबणाऱ्यांचे प्रतिनिधी किती, हे पहिल्या बैठकीपूर्वीच लेखी विचारावे.