लहान गाडीवरून मोठ्या गाडीवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण येत नाही. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे शाळेचा रस्ता सुटला तो सुटलाच. पण गेल्या हळदीकुंकवाला निम्म्या जणींनी मला एकच प्रश्न केला, "अगं, तू बुलेट घेतलीस म्हणे?" प्रत्येकीला निराळे सांगण्यापेक्षा एकदाच सर्वांना सांगून टाक, असे अध्यक्षबाई म्हणाल्या, म्हणून आपणापुढे उभी राहिले आहे.

गाडी हौसेसाठी घेतली नाही, हे आधी सांगते. पाडव्याला मुंबईत गिरगावात बायका नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवरून शोभायात्रेत जातात, ती चित्रे आपण पाहतोच. मलाही ती आवडतात. पण आमच्या घरची गोष्ट गुडघ्यापासून सुरू होते.

2023 च्या पावसाळ्यात हे जिन्यावरून घसरले. डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, हाड जुळले, पण गुडघा पुरता वाकेना. वाईहून साताऱ्याला व्यायामासाठी खेपा सुरू झाल्या, जायला पस्तीस किलोमीटर आणि यायला पस्तीस. एस्टीची पायरी यांना चढवत नाही. रिक्षा करून रोज रोज जाणे आमच्यासारख्यांना परवडत नाही. घरात स्प्लेंडर होती, यांचीच. मी ती चालवायला शिकले होते, लायसनही काढले होते, पण ते धाकट्याला शाळेत सोडण्यापुरते. हे घरी असले की मी आपली मागे बसायची. आता मी पुढे आणि हे मागे, असे झाले.

स्प्लेंडरला मी नावे ठेवणार नाही. चौदा वर्षे तिने संसार ओढला. पण तिची सीट आखूड. मागे बसून यांचा पाय दुमडलेलाच राही, आणि पाचवड येईतो गुडघा ठणकू लागे. तिथे उतरून पाच मिनिटे उभे राहायचे, मग पुढे. शिवाय हमरस्त्यावर मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने गाडी हेलकावे खाई. मला भीती वाटे ती माझी नव्हे, मागे बसलेल्या माणसाची. त्यांना पटकन पाय टेकता येत नाही.

कोणी म्हणाले, बिनगिअरची स्कूटर घे. पण तिची चाके लहान, खड्ड्यात आपटतात, आणि तो दणका थेट गुडघ्याला. कोणी म्हणाले, जुनी चारचाकी बघ. आमच्या बोळात हातगाडी आली तर माणसाने भिंतीला चिकटायचे, तिथे मोटार ठेवणार कुठे? शेवटी ओळखीच्या मेकॅनिकने सांगितले, "वहिनी, लांब सीट आणि वजनदार गाडी पाहिजे. जुनी बुलेट बघा."

आमच्या लहानपणी बुलेट म्हणजे फौजदार नाहीतर दूधवाला. गाडी मूळ इंग्लंडची, 1955 पासून मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला, बनू लागली. लष्करात गेली, पोलिसांत गेली. घरातल्या बाईच्या हातात ती कधी पाहिली नव्हती.

पैशांचे सांगते, कारण तेच सर्वांना विचारायचे असते. गाडी 2013 सालची, किंमत ठरली बहात्तर हजार. स्प्लेंडरचे चोवीस हजार आले, माझ्या भिशीचे तीस, आणि उरलेले अठरा बचत गटातून उचलले. स्प्लेंडर न्यायला माणूस आला त्या सकाळी हे काठी टेकीत अंगणात गेले आणि फडक्याने टाकी पुसत बसले. विकलेली गाडी कशाला पुसायची, असे माझ्या ओठांवर आले होते. बोलले नाही ते बरे झाले.

जुनी गाडी घ्यायची झाली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण जाण्यापूर्वी मालकाने ती चालू करून ठेवता कामा नये. गार इंजिन कसे सुरू होते, निळा धूर सोडते का, खाली तेलाचे थेंब पडले आहेत का, ते तेव्हाच कळते. मेकॅनिकने इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आर.सी. पुस्तकाशी अंक अंक लावून पाहिला. ते सगळे जुळले. मी मात्र आर.सी. हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचीत होते, कारण माझे वाचन सावकाश. त्यात एका बँकेचे नाव दिसले. विचारले तर मालक म्हणाला, "कर्ज कधीच फिटले, ते नाव तसेच राहिलेय." आता आपण शेतकऱ्यांच्या लेकी. सातबाऱ्यावर बोजा असला की जमीन कोणी घेत नाही, मग गाडी कशी घ्यावी? मी म्हटले, बँकेचा दाखला आणा, नाव काढा, मग पैसे. त्याला राग आला. तीन आठवडे गेले. पण बँकेचे पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म आला, बोजा उतरला, तेव्हाच नोटा मोजल्या. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या त्याच दिवशी घेतल्या, आणि विमाही नावावर करून घेतला. हे राहून गेले तर अपघाताच्या वेळी भांडत बसावे लागते.

2024 च्या दिवाळीनंतर गाडी दारात आली. लायसन नवे काढावे लागले नाही. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन एकच, लहान गाडीला तेच आणि मोठीला तेच. कायद्याला दोन्ही सारख्या, माझ्या हातांना मात्र नाहीत. स्प्लेंडरचे इंजिन 97 सीसीचे, म्हणजे सिलिंडरमध्ये चहाचा कपभर जागा. बुलेटचे 346, म्हणजे लहान तांब्या. स्प्लेंडरचे वजन एकशे दहा किलोच्या आसपास, हिचे एकशे सत्त्याऐंशी. ते नुसते वाचून कळत नाही. गाडी दोन पायांच्या मध्ये घेऊन उभी राहिले तेव्हा कळले. थोडी एका अंगाला कलली आणि पोटात गोळा आला.

पहिल्या दिवशी मेणवलीच्या रस्त्यावर नेली. पहिला गिअर टाकला, गाडी निघाली, दुसऱ्यासाठी सवयीने चवडा दाबला आणि गाडीने असा हिसका दिला की मी टाकीवर आले. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबीत जायचे. हिचा पहिला तेवढा खाली, बाकीचे चार वर, म्हणजे टाचेने दाबायचे. चौदा वर्षांची पायाची सवय! आठवडाभर मी पोळ्या लाटताना ओट्याखाली टाच आपटून सराव करीत होते. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, पायाला मुंग्या आल्या का?"

चौथ्या दिवशी गाडी पाडली. अंगणात वळवताना हँडल पुरते वळलेले होते, आणि मी पुढचा ब्रेक दाबला. या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आहे, तो बोटाने धरतो. स्प्लेंडरचा ओढावा लागे. गाडी सावकाश उजव्या अंगावर निजली. मला लागले नाही, पण उचलता येईना. शेजारचे भाऊजी धावत आले, मी म्हटले, थांबा, मला शिकू द्या. आधी इंजिन बंद करायचे आणि साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा. मग गाडीकडे पाठ करून बसायचे, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटखालची दांडी, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे पावले टाकायची. उठली! मोठ्या स्टँडवर लावणेही तसेच. हातांनी ओढायचे नाही, स्टँडवर उजव्या पायाने अंगाचे सगळे वजन द्यायचे.

मी शिकले, पण हे बसेनात. "तू आधी नीट शिक," असे अकरा दिवस म्हणत राहिले. खरे कारण मला ठाऊक होते. बोळातली पुरुषमंडळी बघत असतात. लहान गाडीवर कसेबसे चालून गेले होते. पण बुलेटवर बायको पुढे आणि आपण मागे! बाराव्या दिवशी सासूबाई, वय वर्षे बहात्तर, नऊवारीचा काष्टा सावरीत बाहेर आल्या नि म्हणाल्या, "तो बसत नसेल तर मी बसते." डोक्याला हेल्मेट घातले, मागे बसणाऱ्यालाही ते लागतेच, आणि आम्ही मेणवलीच्या घाटावर जाऊन कृष्णेला हात जोडून आलो. परतल्यावर त्या ओसरीवर एवढेच बोलल्या, "खाटेसारखी आहे." दुसऱ्या दिवशी हे बसले.

साताऱ्याला जाताना पाचवडपर्यंत मागून सूचना चालू होत्या. गिअर बदल, हॉर्न दे, तो टेम्पो बघ. आनेवाडीच्या टोलनाक्यानंतर बोलणे थांबले. मला वाटले दुखतेय. विचारले तर म्हणाले, "नाही. चालव." साठच्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये ही गाडी संथ चालते, डग डग डग, उखळात सावकाश कांडल्यासारखी. लिंब खिंडीच्या चढाला मी वाट बघत होते की आता गिअर उतरवावा लागेल, आणि ती दोघांना घेऊन तशीच चढून गेली. शेजारून ट्रक गेला, गाडी हलली नाही.

गुण सांगितले तसे दोषही सांगते. क्लच जड आहे. पहिला महिना डाव्या तळहाताला रोज तेल चोळले. सत्तरच्या वर नेली तर हातांना मुंग्या येतात. स्प्लेंडर लिटरला साठ जाई, ही पस्तीसच्या पुढे जात नाही, तेव्हा पेट्रोलसाठी वेगळा डबा केला आहे. ए.बी.एस. नाही, ते 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना 2019 पासून सक्तीचे झाले. त्यामुळे पावसात मी बैलगाडीसारखी चालवते. आणि पहाटे सुरू केली की सगळी आळी जागी होते, त्याबद्दल शेजारणींची इथे क्षमा मागते.

त्या दिवशी परत येताना पाचवडला मीच सवयीने थांबले. हे म्हणाले, "कशाला थांबलीस? गुडघा ठीक आहे." मग चहा तरी घेऊ म्हटले. मी पैसे देऊन वळून पाहते तो हे गाडीपाशी उभे, आणि खिशातला रुमाल काढून टाकी पुसत होते.

आता पंधरा दिवसांतून एकदाच जावे लागते. मागच्या महिन्यात पसरणीचा घाट चढून पाचगणीला नणंदेकडेही जाऊन आलो. वर एका वळणावर थांबून धोमचे पाणी पाहिले. गाडी बाहेर उभी आहे, ज्यांना स्टँडवर लावून पाहायची असेल त्यांनी कार्यक्रमानंतर यावे, मात्र चप्पल पायात घट्ट असावी. चहा निवतो आहे, तेव्हा मी बसते.